लेहला निघालात? आधी दोन दिवस दम घ्या!



या सदरातून आम्ही नेहमी मधुमेह, ब्लडप्रेशर, बाळाचे लसीकरण, पावसाळ्यातले पिण्याचे पाणी अशा घरच्याच विषयांवर लिहीत असतो. आज मात्र घरापासून फार दूरची गोष्ट सांगणार आहोत. दूरची असली तरी ती आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आली आहे. पूर्वी विहारातून सहल निघायची ती बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी. रेल्वेचा प्रवास, बरोबर चटणी-भाकरी आणि धर्मशाळेत मुक्काम. आता लेह, हेमिस, ठिकसे ही नावेही आपल्या मंडळींच्या तोंडी येऊ लागली आहेत. बौद्धांचा मुलूख एकदा डोळ्यांनी पाहावा, तिथले गोम्पे पाहावेत, ही ओढ अगदी स्वाभाविक आहे. शिवाय विमानाने गेले की एका दिवसात पोहोचता येते. नेमके हे एका दिवसात पोहोचणेच जिवावर कसे बेतू शकते, ते आम्ही गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या विहारातली बावीस माणसे होती. दोन वर्षे दरमहा थोडे थोडे पैसे बाजूला टाकून सगळ्यांनी ही सहल ठरवली होती. सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते, घरकाम करणाऱ्या दोन मावश्या होत्या, एक बसचालक सहकुटुंब होते. आणि होता सव्वीस वर्षांचा एक मुलगा. वस्तीच्या कबड्डी संघाचा हुकमी चढाईपटू. सगळ्यांच्या बॅगा उचलायला हाच पुढे.

सकाळी लेहला उतरलो. उतरल्याबरोबर हॉटेलवाल्याने हात जोडून सांगितले, आज आणि उद्या नुसते पडून राहा. मावश्यांनी ते ऐकले. आमच्या या पठ्ठ्याने ऐकले नाही. संध्याकाळी तो आणि आणखी दोन मुले शांती स्तूपाच्या पाचशेच्या वर पायऱ्या पैज लावून चढून गेली. रात्री त्याचे डोके दुखले. दुसऱ्या दिवशी जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी कोरडा खोकला सुरू झाला. आम्ही म्हणालो, थंडीने सर्दी झाली असेल, आणि पिशवीतले खोकल्याचे औषध त्याला दिले. हे लिहिताना आजही आम्हाला अपराधी वाटते. तोही बोलला नाही. लोकांनी दोन वर्षे पैसे साठवले, आपल्यापायी सहलीचा विचका नको, असे त्याला वाटत होते.

चौथ्या पहाटे पँगाँग सरोवराला जायचे म्हणून गाडी दाराशी आली. त्या लडाखी ड्रायव्हरने मुलाकडे एकदा पाहिले आणि गाडी बंद केली. मुलगा बसल्या जागी धापा टाकत होता. ओठ निळसर झाले होते. छातीत पाणी उकळावे तसा आवाज येत होता. ड्रायव्हर म्हणाला, ‘पँगाँग नहीं, अस्पताल.’ तिथल्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. करोनाच्या काळात हे यंत्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. आमच्या बाकीच्यांचा आकडा ८८-९० होता, त्याचा होता ६८. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘विमानाने आलात? आणि पहिल्याच दिवशी चढलात?’ त्यांना पुढचे काही सांगावेच लागले नाही.

हा काय प्रकार होता, ते आता नीट समजून घेऊ.

हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

आपण म्हणतो, ‘उंचावर ऑक्सिजन कमी असतो.’ हे बोलणे अर्धेच खरे आहे. हवेतला ऑक्सिजनचा वाटा मुंबईच्या चौपाटीवर १०० भागांत जवळजवळ २१ आहे आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१च आहे. बदलतो तो हवेचा दाब. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. आपल्या डोक्यावर मैलोगणती हवेचा थर असतो आणि त्याच्या वजनाने खालची हवा दाबली जाते. कापसाच्या गाठी एकावर एक रचल्या की तळाची गाठ दबते आणि वरची फुगलेली राहते, तसेच हे आहे. उंचावरची हवा ही वरची सैल गाठ. छाती तेवढीच भरते, पण तेवढ्याच श्वासात ऑक्सिजनचे कण कमी येतात.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेह त्याहून वरच राहील. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश होतो. खारदुंग ला या ५,३५९ मीटरवरच्या खिंडीत तो जवळजवळ निम्मा होतो, तर एव्हरेस्टच्या ८,८४८ मीटरवर एक तृतीयांश. म्हणजे लेहमध्ये आपल्याला रुपयातले पासष्ट-सहासष्ट पैसेच हाती पडतात. घरखर्च मात्र तेवढाच असतो.

शरीर घरखर्च कसा सांभाळते?

पगार कमी झाला की घरातली बाई आधी काय करते? दोन घरची कामे जास्त धरते, फालतू खर्च आवरते आणि हळूहळू नवी व्यवस्था लावते. शरीरही तसेच करते.

गळ्याजवळ, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या फाट्यावर, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे छोटे अवयव असतात. रक्तातला ऑक्सिजन तपासणे हे त्यांचे काम. ऑक्सिजन उतरला की ते मेंदूला निरोप धाडतात आणि आपला श्वास जलद व खोल होतो. हे आपल्या नकळत, काही मिनिटांतच सुरू होते.

पण यात एक अडचण येते. जोराने श्वास सोडला की शरीरातला कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो. रक्त थोडे क्षारधर्मी होते आणि मेंदू म्हणतो, ‘पुरे, श्वास आवर.’ मग रात्री झोपेत गंमतच होते. माणूस चार-सहा मोठे श्वास घेतो, मग काही सेकंद श्वास थांबतो, मग पुन्हा दचकून सुरू होतो. आमच्या एका मावशींनी आपल्या यजमानांचा श्वास असा थांबलेला ऐकला आणि रात्री दोन वाजता आमचे दार ठोठावले. पहिल्या काही रात्री हे बऱ्याच जणांना होते आणि बहुधा ते धोक्याचे नसते. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे जादा क्षार लघवीवाटे काढून टाकतात आणि श्वासाचा हिशोब जुळू लागतो. म्हणूनच तिथे लघवीला जास्त होते. त्याला घाबरून पाणी पिणे कमी करू नये.

हृदयाचे म्हणाल तर ते पहिल्याच तासापासून जास्त ठोके मारू लागते. एका फेऱ्यात ऑक्सिजन कमी पोहोचतो म्हणून फेऱ्या वाढवायच्या, असा त्याचा साधा हिशोब असतो. बसल्या जागी नाडी जलद लागते, जिना चढताना धडधड होते. ब्लडप्रेशरही काही जणांचे थोडे वाढते. पुढच्या काही दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश घटतो आणि रक्त थोडे दाट होते, म्हणजे तेवढ्याच रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त भरते. त्याच वेळी मूत्रपिंडांतून एक संप्रेरक सुटते. ते हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायचा हुकूम देते. मात्र हा नवा माल तयार होऊन रक्तात यायला आठवडे लागतात. ऑक्सिजन कमी झाला हे पेशींना कळते कसे, याचा शोध लावणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या सगळ्यावरून एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. शरीर जुळवून घेते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. विमान तो वेळ देत नाही.

फुफ्फुसात पाणी कुठून येते?

आता मुख्य मुद्दा. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. फुफ्फुसातल्या वाहिन्या मात्र उलट वागतात. त्या आवळतात. खालच्या मुलखात ही युक्ती शहाणपणाची असते. समजा, न्यूमोनियाने फुफ्फुसाचा एक कोपरा बंद पडला, तर तिथल्या वाहिन्या आवळून रक्त चांगल्या भागाकडे वळवले जाते. स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिलिएस्ट्रँड यांनी ही गोष्ट १९४६ साली दाखवून दिली. परंतु उंचावर सगळ्याच फुफ्फुसात ऑक्सिजन कमी असतो. मग सगळीकडे वाहिन्या आवळतात आणि रक्ताला वळायला जागाच उरत नाही.

हृदयाचा उजवा कप्पा फुफ्फुसांकडे रक्त ढकलतो. समोरची दारे अर्धवट बंद झाली की त्याला जास्त जोर लावावा लागतो. फुफ्फुसातला दाब वाढतो. काही माणसांत वाहिन्या सगळीकडे सारख्या आवळत नाहीत, कुठे जास्त, कुठे कमी. जिथे कमी आवळल्या तिथे रक्ताचा लोंढा घुसतो. नळाला दाब फार आला की जुना जोड पाझरू लागतो, तशा या केसासारख्या बारीक वाहिन्या पाझरतात आणि हवेच्या फुग्यांत पाणी साचते. त्यात कोणी पायऱ्यांवर पैजा लावल्या तर दाब आणखी चढतो. आमच्या कबड्डीपटूच्या छातीत जे उकळत होते ते हेच पाणी.

आणि इथे एक मोठा गैरसमज खोडायला हवा. ‘मी धडधाकट आहे, रोज व्यायाम करतो, मला काय होणार?’ हा तो गैरसमज. या दुखण्यापासून दणकट शरीर वाचवत नाही. उलट तरुण गडी जोमात वेगाने चढतात आणि सापडतात. आमच्या सहलीत बासष्ट वर्षांच्या मावशी दोन दिवस शाल पांघरून खिडकीत बसल्या. त्यांना साधी डोकेदुखीसुद्धा झाली नाही.

हे दुखणे जगाला कसे कळले?

इ.स. ३९९ मध्ये चीनमधून भारताकडे निघालेला बौद्ध भिक्खू फाहियान आपल्या प्रवासवर्णनात एक प्रसंग सांगतो. बर्फाचे डोंगर ओलांडताना त्याचा सोबती ह्युईचिंग कोसळला. त्याच्या तोंडातून पांढरा फेस आला. आपण वाचत नाही हे ओळखून त्याने सोबत्यांना पुढे जायला सांगितले आणि तिथेच प्राण सोडला. तो थंडीने गेला की उंचीने, हे आज कोणी ठामपणे सांगणार नाही. पण तोंडाला आलेला तो फेस वाचून काही डॉक्टरांना उंचावरच्या फुफ्फुसदोषाचीच शंका येते.

त्यानंतर कितीतरी शतके अशा मृत्यूंवर न्यूमोनियाचा शिक्का बसत राहिला. १९६० साली अमेरिकेचे डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी हा न्यूमोनिया नसून वेगळाच प्रकार आहे, हे इंग्रजी वैद्यक नियतकालिकात मांडले. लगेच दोन वर्षांनी, १९६२ च्या चीन युद्धात, भारताला त्याची किंमत मोजावी लागली. मैदानी मुलखातले हजारो जवान घाईघाईने उंच डोंगरांवर पोहोचवले गेले. गोळी न लागताही माणसे आजारी पडू लागली. त्यातूनच आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी जगाला शिकवील असे काम केले. डॉ. मेनन यांनी लेहमध्ये उपचार केलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली १,९२५ जवानांच्या पर्वतव्याधीचा अभ्यास मांडला. आजही जगभरच्या पुस्तकांत या कामाचा उल्लेख होतो.

१९८४ साली सियाचिन हिमनदीवर सैन्य गेले आणि आणखी एक गोष्ट उजेडात आली. ५,८०० ते ६,७०० मीटरवर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या जवानांपैकी काहींच्या पायांवर आणि पोटावर सूज येऊ लागली. डॉ. आनंद आणि सहकाऱ्यांनी अशा २१ जवानांची नोंद १९९० साली केली. फुफ्फुसातल्या दाबाशी झुंजून झुंजून हृदयाचा उजवा कप्पा थकला होता. अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरांवर चरायला नेलेल्या गाईंच्या गळ्याखाली आणि छातीला अशीच सूज येते, हे गुराखी लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. सुखाची गोष्ट एवढीच की ते जवान खाली आणल्यावर बरे झाले.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्याच घरांतली मुले येतात. महार रेजिमेंटमध्ये आणि इतर पलटणींत आपली मुले आहेत. त्यांनी सुट्टीवरून परत जाताना, ‘मला तिथली सवय आहे, पुन्हा थांबायची गरज नाही,’ असे म्हणू नये. घरी महिनाभर राहिले की उंचीची सवय मोडते. परतल्यावर नव्याने सुरुवात करावी लागते. किंबहुना परतल्यावरच हा आजार गाठतो, असे पुष्कळदा दिसले आहे. लष्करात ठराविक दिवस थांबून टप्प्याटप्प्याने वर नेण्याचा नियम आहे तो यासाठीच. घरच्यांनीही पोराला फोनवर हे आवर्जून सांगावे.

आणखी एक दृश्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेहहून खिंडीकडे जाताना रस्त्यावर डांबर टाकणारी, दगड फोडणारी माणसे दिसतात. त्यांतले बरेच जण झारखंडच्या दुमका भागातले आदिवासी आहेत. ज्या हवेत आम्हाला दहा पावले चालवत नव्हती, त्या हवेत ते घमेली उचलत होते. आपण फोटो काढून तासाभरात उतरतो, त्यांना दिवसभर तिथेच राबायचे असते. त्या रस्त्यावरून जाताना गाडीची काच खाली करून त्यांना एकदा नमस्कार तरी करावा.

लडाखी लोकांना त्रास कसा होत नाही?

तिबेट-लडाखच्या लोकांचे पूर्वज हजारो वर्षे उंचावर राहिले. २०१० साली शास्त्रज्ञांनी दाखवले की तिबेटी लोकांत एका जनुकाचा वेगळा प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यामुळे त्यांचे रक्त प्रमाणाबाहेर दाट होत नाही. त्यांच्या फुफ्फुसातल्या वाहिन्याही आपल्याइतक्या आवळत नाहीत. याउलट दक्षिण अमेरिकेत पेरूच्या डोंगरावरचे लोक जास्त हिमोग्लोबिनवर दिवस काढतात. त्यांच्यातल्या काहींचे रक्त इतके दाट होते की तोच आजार होऊन बसतो. पेरूचे डॉ. कार्लोस मोंगे यांनी तो प्रथम सांगितला. म्हणून ‘ड्रायव्हर बघा कसा फिरतो, आपण का नाही,’ अशी बरोबरी करू नये.

कोणी जाऊ नये, कोणी विचारून जावे?

नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी, थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी, हृदय अशक्त झाल्याने पायांवर सूज असणाऱ्यांनी आणि फुफ्फुसातला दाब आधीच वाढलेल्यांनी जाऊ नये. ब्लडप्रेशर गोळ्यांनी ताब्यात असेल तर डॉक्टरांना विचारून जाता येते, पण गोळ्या चुकवता कामा नयेत. गरोदर भगिनींनी हा बेत पुढे ढकलावा.

आपल्या घरांत दोन गोष्टी विशेष पाहाव्या लागतात. पहिली, जुन्या गिरणी कामगारांची छाती. ज्यांनी वर्षानुवर्षे कापसाची धूळ गिळली, ज्यांना क्षयरोग होऊन गेला, जे चुलीच्या धुरात किंवा विडीत राहिले, त्यांची फुफ्फुसे खालीच कमी पडतात. त्यांनी फुफ्फुसांची तपासणी करून घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

दुसरी गोष्ट विदर्भातल्या वाचकांनी तर दोनदा वाचावी. ती म्हणजे सिकलसेल. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही हा आजार बराच आढळतो. ऑक्सिजन कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. ज्याला हा आजार आहे त्याने लेहसारख्या उंचीवर जाऊच नये. ज्याच्यात केवळ वाहकाचा गुण आहे तो एरवी अगदी निरोगी असतो, त्याला आयुष्यात कधी कळतही नाही. पण अशा काही माणसांना उंचावर डाव्या बरगडीखाली अचानक असह्य दुखू लागते, कारण प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा निघण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी जरूर करावी. साधी रक्ततपासणी आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. ही तपासणी सहलीपुरती नाही. मुला-मुलींचे लग्न जमवतानाही तिचा उपयोग आहे.

जायचे तर कसे जावे?

१) पैसा आणि दिवस असतील तर श्रीनगरमार्गे रस्त्याने जावे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७०० मीटर आणि मग लेह. वाटेत मुक्काम केल्याने शरीराला पायऱ्या मिळतात. मनालीच्या वाटेवर मात्र लेहहूनही उंच ठिकाणी मुक्काम पडतो, हे ध्यानात ठेवावे.

२) विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस सक्तीची विश्रांती. जेवावे, झोपावे, अंगणात हळू फिरावे. बॅगासुद्धा उचलू नयेत. पायऱ्या तिसऱ्या दिवशी, त्याही थांबत थांबत.

३) तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याचे ठिकाण रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये. दिवसा उंच खिंड पाहून रात्री खाली झोपावे. नुब्रा खोरे लेहपेक्षा थोडे खाली आहे, पण तिथे जाताना खारदुंग ला लागतो. तिथे रेंगाळू नये. पँगाँगला मुक्काम करायचाच तर सहलीच्या शेवटी करावा.

४) दारू, बिडी-सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंदावतो.

५) एसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स नावाची गोळी श्वासाची जुळवाजुळव लवकर करून देते. ती निघण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना ती चालेलच असे नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि गोळी घेतली म्हणून पायऱ्यांवर पळू नये.

धोका कसा ओळखावा?

डोके दुखणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, झोप न लागणे ही पहिली पायरी. तिथेच थांबावे, वर जाऊ नये. एक-दोन दिवसांत उतार पडतो. त्रास वाढला तर खाली यावे.

बसल्या जागी दम लागणे, कोरडा खोकला, पडल्यावर गुदमरणे, ओठ-नखे निळी होणे, थुंकीतून गुलाबी फेस येणे ही फुफ्फुसात पाणी झाल्याची खूण आहे. ही लक्षणे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, विशेषतः रात्री दिसतात. आणि माणूस दारुड्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज आली असे समजावे. एका रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगावे. तोल गेला की क्षणभरही थांबू नये.

या दोन्ही प्रकारांत ऑक्सिजन द्यावा, रुग्णालय गाठावे आणि शक्य तितक्या लवकर खाली आणावे. हजारभर मीटर उतरले तरी पुष्कळदा फरक पडतो. सकाळपर्यंत वाट पाहू, असे म्हणू नये. या आजारात रात्र फार महाग पडते.

लहान मुलांना आपले दुखणे सांगता येत नाही. खेळणारे मूल अकारण किरकिर करू लागले, खाईना, तर उंचीचाच त्रास आहे असे धरून चालावे.

आमच्या त्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तीन दिवस तो ऑक्सिजनवर होता. चौथ्या दिवशी त्याचा आकडा वर आला आणि मग एक काका त्याला घेऊन विमानाने खाली आले. दिल्लीत उतरल्यावर त्याने फोन केला. म्हणाला, ‘इथं श्वास आपोआप होतोय.’ आम्ही ठिकसेच्या अंगणात उभे होतो. फोन कानाशी धरून आमच्या मावशी रडल्या. रुग्णालयात त्याची आई फोनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘तुम्ही सोबत होतात ना?’ होय, आम्ही सोबत होतो, आणि आम्ही खोकल्याचे औषध दिले होते.

तेव्हा सहल काढणाऱ्या मंडळांना आमची हात जोडून विनंती आहे. निघण्यापूर्वी विहारात सगळ्यांना बसवून हा लेख वाचून दाखवा. बरोबर एक ऑक्सिमीटर घ्या आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाची विचारपूस करा. आणि प्रत्येकाला बजावून सांगा की इथे दुखणे लपवणे हा मोठेपणा नाही. तुझ्यामुळे सहल बुडाली असे कोणी म्हणणार नाही. पँगाँग जिथे आहे तिथेच राहणार आहे, ते पुढच्या वर्षीही पाहता येईल. सोबतचा माणूस मात्र सुखरूप घरी पोहोचला पाहिजे.

जयभीम.